राघो आला का, बघून ये

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आदरणीय जानकीबाई, व्यासपीठावरच्या आपल्या डॉक्टरबाई, ज्यांच्या काट्यावर आपल्या सगळ्यांची वजनं झाली ते काळूरामभाऊ, सकाळी चालणाऱ्या महिला मंडळातल्या माझ्या सख्यांनो, त्यांना चालायला सोडणाऱ्या आणि न सोडणाऱ्या घरच्या मंडळींनो, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ, अर्धवट उठून बसलेल्या मीराबाई, आपणा सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

जानकीबाई, पंचाहत्तर सालची एक सकाळ तुम्हाला आठवते का? आपण वज्रेश्वरीला निघालो होतो, गरम पाण्याच्या कुंडावर. तिघींच्या बाकावर तुम्ही, मी आणि मधे माझ्या सासूबाई, सीताबाई. म्हणजे त्या मधे बसणार होत्या. तुम्ही आणि मी बसलो आणि बाक संपलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही मागं जा." आई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तिकिटं तीन हायत ना? मंग या दोघींना जरा दाब." सगळी गाडी हसली. आपणही हसलो, कारण तेव्हा चाळिशीच्या आत होतो आणि जाड असणं म्हणजे खात्यापित्या घरचं असणं, असं वाटत होतं.

गाडी सुटायच्या आत खिडकीशी एक उंच, काटकुळा माणूस आला. हातात वालाच्या शेंगांचं गाठोडं. तो राघो, आईंचा धाकटा भाऊ. रोज सकाळच्या पहिल्या गाडीने वळ गावाहून यायचा, बहिणीला भाजी द्यायचा आणि त्याच गाडीने परत जायचा. त्या दिवशी आम्ही घरी नसणार म्हणून त्याने गाठोडं खिडकीतून आत दिलं. आपण तिघी त्या शेंगा वज्रेश्वरीपर्यंत मांडीवर घेऊन गेलो आणि तशाच परत आणल्या. एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही. तरी आज बोलायला उभी राहिले आणि तेच पहिलं आठवलं. असं का, ते मला माहीत नाही. आज मला बऱ्याच गोष्टी माहीत नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

परवा आम्ही भिवंडी सोडून नाशिकला मुलाकडे राहायला जातो आहोत. त्यानिमित्त हा निरोप, आणि निरोपाबरोबर हा सत्कार. स्मृतिचिन्हावर लिहिलं आहे, "साठीत अठरा किलो वजन कमी करून आरोग्याचा आदर्श घालून देणाऱ्या कलावतीताई." मी ते तीनदा वाचलं. ही बाई कोण असावी?

मी लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शिकले. तिथे आमच्या सिस्टर डोक्यावर वही ठेवून चालायला लावायच्या. खांदे मागे, पोट आत. आरोग्याचं माझं शिक्षण तेवढंच झालं. दुसरं त्यांनी शिकवलं ते असं, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं द्यायचं आणि पूर्ण वाक्यात द्यायचं. गेले आठ दिवस मंडळातल्या बायका मला विचारताहेत, "ताई, तुम्ही वजन कसं उतरवलं ते भाषणात नीट सांगा, मीराबाईंना उपयोगी पडेल." आणि माझ्याकडे पूर्ण वाक्य नाही.

मीराबाईंचं नाव घेतलं, तर नव्या मंडळींसाठी सांगते. त्यांचे पती सावळाराम दोन महिन्यांपूर्वी अंगावरून वारं जाऊन खाटेला खिळले. तेव्हापासून मीराबाई चालायला आल्या नाहीत. पाय सुजलेत, रक्तदाब वाढलाय, आणि डॉक्टरबाईंनी त्यांना गेल्या आठवड्यात एक वाक्य ऐकवलं. तेच वाक्य डॉक्टरबाईंनी सात वर्षांपूर्वी माझ्या घरात मला ऐकवलं होतं. मी भाषणाला हो म्हटलं ते मीराबाईंसाठी. मी जाणार परवा. त्याच्या आत त्या घराबाहेर पडायला हव्यात. बाकी सत्कार वगैरे आपण चहाबरोबर उरकून घेऊ.

तर अठ्ठ्याऐंशी साली आई मोरीत पडल्या. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जरा जड झाली, पण गेली नाही. आमचे हे पाणीखात्यात पंपावर, ड्युटी तिन्ही पाळ्यांत. मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेत होते. म्हणजे दिवसभर बसून होते. आता दिवसभर आईंना उचलू लागले. कूस बदलणं, पाठ पुसणं, टेकवून बसवणं. कुणाला वाटेल, एवढ्या कामाने बाई वाळली असेल. वर्षभरात मी सहा किलो वाढले.

कसं, ते सांगते. मीराबाई, हे ऐका. आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. तो ग्लुकोजची बिस्किटं आणतो, केळी आणतो. त्याला चहा द्यावा लागतो, आणि तो एकट्याला कसा द्यायचा, म्हणून आपणही घेतो. दिवसाला सहा-सात माणसं. त्यात आई चार घास खायच्या आणि वाटी सरकवायच्या. उरलेली पेज, उरलेला मऊ भात टाकवत नाही. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ते संपवायचे, आणि जेवायला बसले की वेगळी जेवायचे. उभ्याने खाल्लेलं मी मोजतच नव्हते.

मग डॉक्टरबाई आल्या. माझे गुडघे बघितले, साखर तपासायला लावली आणि आईंच्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, हे वजन उतरलं नाही, तर दोन वर्षांत तुम्ही दुसऱ्या खाटेवर. मग यांना कोण उचलणार?"

डॉक्टरबाई मान हलवताहेत, म्हणजे वाक्य बरोबर आठवलं. तेव्हा आई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी ऐकलं का? इथून माझा गोंधळ सुरू होतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी आई मला म्हणाल्या, "कले, राघो आला का, बगून ये."

मी म्हटलं, "कोण राघो?"

"राघो. माझा भाव. वळच्या गाडीनं येल. स्टँडवर जाऊन बग."

राघोमामा अठ्ठ्याहत्तर साली वारले. जलदानाच्या जेवणाला मीच भात केला होता. मी आईंकडे बघत राहिले. वाटलं, हात-पाय गेले ते गेले, आता डोकंही निघालं. मी म्हटलं, येतील हं, तुम्ही पेज घ्या. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. दुपारपर्यंत पेज घेतली नाही, पाणी घेतलं नाही. शेवटी शेजारची हौसा आली. तिचा नवरा आणि ती दोघं लूमच्या शेडमध्ये कामाला, आणि तिची पाळी तेव्हा दुपारनंतरची होती. ती म्हणाली, "जा ना ताई, बगून या. मी बसतो इथं." मी गेले. आमच्या घरापासून एस.टी. स्टँड पाय दुखणाऱ्या बाईला पंचवीस मिनिटं. तिथे दहा मिनिटं बसले, परत आले. आईंना सांगितलं, "नाही आले." त्या म्हणाल्या, "बरं. उद्या बग." आणि वाटीभर पेज प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी सकाळी निघायला लागले, कारण राघोमामा सकाळच्या गाडीने यायचे. आईंना ते बरोबर आठवत होतं. ते वारले, तेवढं आठवत नव्हतं. हौसा रोज वेळेवर यायची. मला वाटायचं, हिला आमच्या घरी पंखा आहे म्हणून येते, चहा मिळतो म्हणून येते. एकदा मनात असंही आलं, की ही साखर फार घेते. हे मी आज सर्वांसमोर सांगते आहे, कारण हौसा इथे नाही. ती कुठे आहे ते पुढे सांगते.

अशी पाच वर्षं झाली. पावसात छत्री घेऊन, उन्हात पदर घेऊन. वर्षभराने जानकीबाई दारात उभ्या राहून विचारू लागल्या, "कुठं रोज?" मी म्हटलं, "राघोला बघायला." त्या म्हणाल्या, "थांब, मी पण येते." मग कमळाबाई आल्या, राहीबाई आल्या. मंडळ असं सुरू झालं. त्याचं उद्घाटन कुणी केलं नाही. आजही तुम्ही एकमेकींच्या दारात हाक मारता, "चला, राघो आला का बघू." गेल्या वर्षी आलेल्या मुलींना वाटतं, ते चालायच्या रस्त्याचं नाव आहे. मुलींनो, राघो म्हणजे तो वालाच्या शेंगावाला.

एक दिवस मी लबाडी केली. गुडघा ठणकत होता. मी कोपऱ्यापर्यंत गेले, जानकीबाईंकडे अर्धा तास बसले, भजी खाल्ली आणि घरी आले. "नाही आले, आई." आईंनी विचारलं, "कंची गाडी उभी व्हती?" मी म्हटलं, "वज्रेश्वरीची." आई म्हणाल्या, "आज यस्टी बंद हाय. हौसाची नणंद काल्हेरला जायाची व्हती, ती परत आली." मग थोड्या वेळाने, "भजी कसली व्हती?"

आता सांगा, जिचं डोकं गेलंय ती बाई असं विचारते का?

त्याच सुमाराला त्यांनी दुसरंही एक केलं. मी त्यांच्या वाटीतली पेज संपवताना त्यांनी आरशातून बघितलं. म्हणाल्या, "ती हौसाच्या शेळीला दे. तू शेळी हायस का?" त्या दिवसापासून उरलेली पेज शेळीला. भेटायला येणाऱ्यांना त्या खाटेवरून सांगायच्या, "आमच्याकडं चा बंद झालाय." लोक मला म्हणायचे, म्हातारी चिक्कू झाली. मीही तसंच म्हणत होते.

आणि मग एक सकाळ. रात्रभर त्यांची कूस बदलून माझी पाठ मोडली होती. त्या म्हणाल्या, "राघो आला का, बगून ये." मी म्हटलं, "आई, राघोमामा वारले. अकरा वर्षं झाली. का मला पळवता उगाच?"

त्या वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हाईत हाय."

मी दाराशीच उभी होते. त्या म्हणाल्या, "पर तू जाऊन तर ये."

मी गेले. स्टँडवर बसून वळची गाडी आली, तिच्यातून उतरणारी माणसं एकेक बघितली. कशासाठी, मला सांगता यायचं नाही.

आई चौऱ्याण्णव साली गेल्या. त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी भांडी विसळताना हौसा सहज बोलून गेली, "मावशीनं मला बदली लावलं व्हतं." मी विचारलं, कसली बदली? लूमचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण इथे शाळेतल्या बाईही आहेत. लूम चालू असताना कामगाराला जागा सोडता येत नाही. त्याचा बदली माणूस येऊन उभा राहिला, की मगच पहिला हलतो. हौसा म्हणाली, "डॉक्टरीण येऊन गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिशी मावशीनं मला हाक मारली. म्हणाली, हिला भाईर काढायची हाय. बदली नसली तर ती खाट सोडायची न्हाय. तू घंटाभर येशील का? मी म्हटलं, येतो."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. म्हणजे आईंनी ऐकलं होतं. म्हणजे राघो ही सगळी युक्ती. पाच वर्षं ही बाई खाटेवर पडून मला हाकलत होती आणि मी तिच्या डोक्याची कीव करत होते. मला एकदम हलकं वाटलं, आणि लाजही वाटली. मी हौसाला म्हटलं, "मग राघोमामा येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं."

हौसा भांडं घासायची थांबली. म्हणाली, "त्ये मला न्हाय म्हाईत. तुमी गेलात की ती मला पण इचारायची. दाराकडं बगून. आला का गं?"

दोन वर्षं झाली. मी हे सगळं उलटसुलट करून बघितलं. डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मेंदूचं सांगता येत नाही, थोडं जातं, थोडं राहतं. आमच्या ह्यांना विचारलं, ते म्हणाले, "आई ती, तिला दोन्ही जमलं असेल." शेवटच्या महिन्यात त्यांनी एकदा मलाच राघो म्हटलं, का उशीर केलास म्हणून रडल्या, आणि शेंगा कुठे आहेत ते विचारलं. तेव्हा ती युक्ती नव्हती. मग भज्यांच्या दिवशी काय होतं? कोण कुणाची वाट बघत होतं? मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही.

निदान वजनाचा आकडा तरी पक्का असावा ना? तोही नाही. वजन आम्ही काळूरामभाऊंच्या गोदामातल्या सुताच्या काट्यावर करतो. पहिल्यांदा त्र्याऐंशी भरलं, गेल्या महिन्यात पासष्ट. म्हणून अठरा. गेल्या आठवड्यात आभार मानायला गेले, तर भाऊ कान खाजवत म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहिलं. सुताची गोणी तोलली की बारदान कापायची सवय. गोणीचा एक किलो. तुमचे मी दोन कापायचो, साडी आणि चपला."

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्ये न्हाय आठवत."

"पहिल्या दिवशी कापले होते का?"

"पहिल्या दिशी तुम्ही रडत व्हता. तवा कापले असतील. का नंतर तुम्ही हसाया लागला तवा कापाया लागलो? न्हाय सांगता येत."

पहिल्या दिवशीही कापले असतील, तर अठरा किलो खरे. नंतर कापायला लागले असतील, तर सोळा. भाऊ खाली बघताहेत. भाऊ, मी रागावलेली नाही. मला आता आईंनंतर तुमचाही हिशोब लागत नाही, एवढंच.

तर मीराबाई, वजन कसं उतरवलं या प्रश्नाला माझं उत्तर असं अर्धवट आहे. मी काही ठरवून केलं नाही. मी आहार सांभाळला नाही, तो शेळीने सांभाळला. मी व्यायाम केला नाही, मी एका वारलेल्या माणसाला आणायला जात होते. परवा मी तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताई, मी बाहेर पडले आणि त्यांना काही झालं तर? मी कुठल्या तोंडानं चालायला जाऊ?" मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आजही नीट सुचलेलं नाही. एवढंच सांगते, की माझ्या सासूबाईंना मी गेल्यावर काही झालं नाही. पाच वर्षं रोज तासभर मी नव्हते, आणि त्या तासात त्या दाराकडे बघत होत्या. मी परत आले की तोंड उघडून पेज घ्यायच्या. घरातून कुणी गेलं नाही, तर परत तरी कोण येणार?

मगाशी म्हटलं, हौसा इथे नाही. मीराबाईंना ती कुठे आहे ते माहीत आहे. ती या क्षणी सावळारामभाऊंच्या उशाशी बसली आहे. म्हणून मीराबाई इथे बसू शकल्या. त्या सारख्या दाराकडे बघताहेत, पण मीराबाई, अजून पाच मिनिटं बसा, बदली आलेली आहे.

मंडळाने हा कार्यक्रम केला, जानकीबाईंनी माझं एवढं कौतुक केलं, डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद ठेवून वेळ काढला, विहाराच्या समितीने हॉल दिला, त्या सर्वांची मी ऋणी आहे. सरळ भाषण करायला आले आणि सगळं उलगडून पसारा मांडून बसले. बोलण्यात कुणाचं मन दुखलं असेल, हौसाच्या साखरेबद्दल जे बोलले तेही धरून, तर ते पोटात घालावं. पोट आता पूर्वीपेक्षा लहान आहे, पण तुमची मोठी आहेत.

सामान बांधून झालं आहे. जे नेत नाही ते कुणाला द्यायचं, तेवढं सांगते आणि बसते, म्हणजे परवा गडबड नको.

आता अंगावर घातलेली ही शाल हौसाला. ती घेणार नाही, तर तिच्या खांद्यावर टाकून निघून यायचं. दोन हातांची लाकडी खुर्चीही तिची, तिने त्यात पाच वर्षं काढली.

पाठ टेकवायची फळी, रबरी चादर आणि उशाची पितळी घंटी मीराबाईंकडे. चादर धुऊन दोन्ही बाजूंनी पावडर लावून ठेवली आहे, घडी घालताना मधे जुनं पातळ घालावं, नाहीतर चिकटते.

माझे कॅनव्हासचे पांढरे बूट जानकीबाईंना. अर्धा नंबर मोठे होतील, पुढे कापूस घालावा.

वजनाची वही काळूरामभाऊंना. त्यांना आठवलं, तर त्यांनी दुरुस्त करावी. तोवर हे स्मृतिचिन्ह मंडळाच्या कपाटात ठेवावं, भिंतीवर लावू नये.

आईंची काठी मी बरोबर नेते आहे.

बदलीच्या पाळ्या अशा. सोमवार ते बुधवार हौसा, गुरुवार-शुक्रवार राहीबाई, शनिवारी कमळाबाई, रविवारी सावळारामभाऊंची बहीण येते म्हणाली आहे, तिला आठवण करावी. उरलेली पेज शेळीला.

आणि राघो मीराबाईंना.

मीराबाई, उद्या सकाळी हौसा तुमच्या दारात येऊन उभी राहील. ती उभी राहिली की तुम्ही निघायचं. स्टँडवर जाऊन बसायचं, वळची गाडी आली की कोण उतरलं ते बघायचं. परत येताना जानकीबाई दारात विचारतील, कुठली गाडी उभी होती. त्यांना खरं सांगायचं.